परवडणारं घर आपल्याच मोहल्ल्यात: नागपुरात हे काम हाती घेणाऱ्या नव्या मंडळींसाठी

"घरकुलाचा फॉर्म कुठं भेटते?" वस्तीतल्या कुठल्याही बैठकीत हा पहिला प्रश्न असतो. मी उलट विचारतो, "तुमची वस्ती कोणाच्या जागेवर आहे?" मग थोडा वेळ कोणी बोलत नाही. एकजण म्हणतो, "सरकारी आहे जी." दुसरा म्हणतो, "नाही, एनआयटीची (नागपूर सुधार प्रन्यासची) आहे." तिसऱ्याला आठवतं की त्याच्या आजोबांनी एका मालगुजाराला, म्हणजे जुन्या जमीनदाराला, पैसे मोजले होते. तीस-चाळीस वर्षं एकाच गल्लीत राहिलेल्या शेजाऱ्यांची ही तीन उत्तरं.

२०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती आणि त्यातले एक तृतीयांशाच्या आसपास लोक झोपडपट्टीत राहत होते. त्यात अनधिकृत ले-आऊटमध्ये प्लॉट घेऊन घर बांधलेली कुटुंबं मिळवा. गरिबाला परवडलेली घरं या शहरात खरी तीच. एका वर्षी भिंत, दुसऱ्या वर्षी टिन, मुलीच्या लग्नाआधी फरशी, अशी ती लोकांनी स्वतः उभी केली आहेत. म्हणून माझं ठाम मत आहे: परवडणाऱ्या घरांचं काम इथून सुरू करावं. असलेली घरं कायद्यात आणायची, राहण्याजोगी करायची, आणि कामधंद्याच्या जवळ नव्या लहान घरांना जागा मिळवून द्यायची. शहराबाहेर इमारती उभारणं हा या कामाचा एक भाग आहे, तोही शेवटचा.

हा लेख वस्तीतल्या तरुणांसाठी आहे, महिला बचत गटांसाठी आहे आणि पक्क्या कॉलनीत राहून काही करावं असं वाटणाऱ्यांसाठीही आहे. पायऱ्या क्रमानं घ्या. पहिली सोडून तिसरीवर उडी मारली की फाइल परत येते.

पहिली पायरी: जमीन कोणाची, हे कागदावर शोधा

सुरुवात मौजा (महसुली गाव) आणि खसरा (जमिनीच्या तुकड्याचा) क्रमांकापासून. घरटॅक्सच्या पावतीवर, जुन्या रजिस्ट्रीत किंवा शेजारच्या मंजूर ले-आऊटच्या नकाशावर हे सापडतं. खसरा हाती आला की महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा पाहता येतो. नसेल तर पटवाऱ्याकडे जा. शहराच्या जुन्या भागात सातबारा चालत नाही, तिथं नगर भूमापन कार्यालयातून आखिव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढावी लागते. त्यासोबत विकास योजनेच्या नकाशात त्या जागेवर काय दाखवलं आहे, हेही नगररचना विभागातून लेखी घ्या. जागा सरकारी असली तरी तिच्यावर शाळेचं किंवा रस्त्याचं आरक्षण असेल, तर वाट वेगळी होते.

नागपुरात जमिनीचे प्रकार बरेच आहेत आणि प्रत्येकाचं दार वेगळं आहे. नझूल (शहरातली सरकारी) किंवा महसूल खात्याची जागा असेल तर काम जिल्हाधिकारी कार्यालयात. महानगरपालिकेची असेल तर मनपात, आणि १९३६ च्या कायद्यानं स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासची असेल तर तिथं. शहराच्या हद्दीबाहेर नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण येतं. रेल्वेची जागा केंद्राची आहे. तिथं राज्य सरकार पट्टा (राहत्या जागेच्या हक्काचा कागद) देऊ शकत नाही, म्हणून अशा वस्तीला पट्ट्याचं आश्वासन देणाऱ्या कोणावरही विश्वास ठेवू नका. त्यांची मागणी जवळच्या जागेवर पुनर्वसनाची असावी लागते.

झुडपी जंगल हा तर आपल्या विदर्भाचाच विषय. महसुली नोंदीत झुडपी जंगल लिहिलेल्या जमिनीवर नागपुरात वस्त्याच काय, सरकारी इमारतीही आहेत. सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ च्या निकालात या जमिनी वनजमीनच मानाव्यात असं सांगितलं. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी दिल्या गेलेल्या जागांसाठी राज्यानं केंद्राकडे प्रस्ताव पाठवून मंजुरी घेण्याची वाट मोकळी ठेवली. तुमच्या खसऱ्यापुढे हा शेरा असेल तर वस्तीची १९९६ पूर्वीची नोंद सोन्याच्या मोलाची आहे. ती शोधायला आजच लागा.

जागा खाजगी मालकाची असेल तर १९७१ चा महाराष्ट्र झोपडपट्टी कायदा आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, हा लांबचा रस्ता आहे. त्यात पहिलं काम म्हणजे वस्ती घोषित झोपडपट्टी आहे की नाही, ते तपासणं.

एक गोष्ट मनावर दगड ठेवून तपासायची: नाला. नाग नदी, पिवळी नदी आणि त्यांना मिळणाऱ्या नाल्यांच्या काठाला जागा स्वस्त मिळते, म्हणून गरीब माणूस तिथं जातो. २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या चांगल्या सुखवस्तू कॉलन्यासुद्धा पाण्यात गेल्या. मग टिनाच्या घरांचं काय झालं असेल! पूररेषेतल्या घरासाठी पट्टा मागत बसण्यापेक्षा त्या दहा-वीस घरांना त्याच वस्तीत वरच्या अंगाला जागा देता येते का, हे आधी बघा. हे वस्तीला स्वतः ठरवता येतं, बाहेरच्याला नाही.

दुसरी पायरी: घरोघरची यादी, आणि ती बायांच्या हातात

पाच-सात माणसं पुरतात. त्यात निम्म्याहून जास्त बाया असाव्यात, हे मी अनुभवानं सांगतो. घरातला कागद कुठं ठेवला आहे हे त्यांनाच माहीत असतं.

एका वस्तीत आम्ही यादी करत होतो. मे महिना, दुपारचे बारा, टिनाखाली कूलर नुसती गरम हवा फेकत होता. एका मावशीनं पलंगाखालची पेटी ओढली आणि साडीच्या घडीतून साखरेची रिकामी प्लास्टिक थैली काढली. तिच्यात विजेची जुनी बिलं, नवऱ्याचं मतदार ओळखपत्र, कडा झिजलेलं रेशनकार्ड आणि मुलाच्या शाळेचा दाखला. बिलावरची शाई इतकी उडालेली की तारीख उन्हात धरून वाचावी लागली. नवऱ्यानं आम्हाला दारातच सांगितलं होतं, "आमच्याजवळ काही कागदबिगद नाही."

यादीत प्रत्येक घरासाठी एवढं लिहा: घरातल्या बाईचं आणि माणसाचं पूर्ण नाव, आधारवर आहे तसंच, कधीपासून राहतात, त्याचा पुरावा कोणता, घराची लांबी-रुंदी, घरात किती कुटुंबं, भाडेकरू असतील तर त्यांची नावं. भाडेकरू लपवू नका. घरमालकाला भीती वाटते की भाडेकरूच्या नावानं पट्टा निघेल, म्हणून तो त्याला "पाहुणा" म्हणून सांगतो. मग सर्व्हेच्या दिवशी भांडण होतं आणि अख्ख्या गल्लीचं मोजमाप अडतं.

पुराव्यात विजेचं बिल, घरटॅक्सची पावती, रेशनकार्ड, शाळेचा दाखला हे सगळं चालतं. पण सर्वांत मजबूत आधार जुनी मतदार यादी. एका यादीत पूर्ण गल्ली सापडते. निवडणूक कार्यालयातून जुन्या वर्षाच्या यादीची प्रमाणित प्रत मागा.

दोन नियम पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर सांगा. कोणाचाही मूळ कागद कोणी घरी न्यायचा नाही, झेरॉक्स तिथंच काढायची. आणि पैसे गोळा केले तर पावती द्यायची, हिशेब गल्लीच्या तोंडाशी चिकटवायचा. "पट्टा काढून देतो" म्हणून घरटी पैसे घेऊन गायब झालेली माणसं जवळजवळ प्रत्येक वस्तीनं पाहिली आहेत. तुमच्याकडेही लोक तशाच नजरेनं बघतील, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

तिसरी पायरी: मालकी पट्टा

शासकीय जमिनीवर १ जानेवारी २०११ रोजी अस्तित्वात असलेली निवासी घरं नियमानुकूल करता येतात, असा निर्णय राज्य सरकारनं नोव्हेंबर २०१८ मध्ये घेतला. सर्वांसाठी घरे या योजनेचा लाभ त्या कुटुंबांना मिळावा, हा त्यामागचा हेतू. नागपुरात पट्टेवाटपाची मागणी त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे आणि मोर्चे काढून, धरणं धरून वस्त्यांनीच ती लावून धरली.

काम असं चालतं. संबंधित कार्यालयात वस्तीच्या नावानं सामूहिक अर्ज, सोबत तुमची यादी. मग प्रत्येक घराची मोजणी. मोजणीवाल्यांसोबत त्या गल्लीतला एक माणूस आणि एक बाई पूर्ण वेळ चालली पाहिजे, कारण कंपाउंड कोणाचं आणि बोळ सामायिक की खाजगी, हे यंत्राला कळत नाही. नंतर पात्र-अपात्र यादी लागते. ती लागली की त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. अपात्र ठरलेल्या प्रत्येकाचं कारण लेखी मागा आणि मुदतीत हरकत द्या. नाव चुकलं, बाप-नवऱ्याच्या नावात घोळ झाला, एवढ्यानंही माणूस अपात्र होतो. त्यानंतर डिमांड (किती रक्कम भरायची त्याचं पत्र), रक्कम भरणं, पट्ट्याची नोंदणी आणि शेवटी आखिव पत्रिका. नोंदणी झाली की काम संपलं असं समजून बरेच जण थांबतात. आखिव पत्रिकेवर नाव चढेपर्यंत बँक दारात उभं करत नाही.

पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं मागा. एका ताईनं बैठकीत विचारलं होतं, "नवरा दारू पिऊन घर विकून टाकीन, तं लेकरायच्या नावावर काय राहीन मंग?" तिचं उत्तर कागदावर दोन नावं हेच आहे.

फाइल कुठं अडली हे कळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. प्रश्न साधा ठेवा: अमुक तारखेच्या आमच्या अर्जावर आजवर झालेली कार्यवाही आणि टिपणीच्या प्रती. त्यात "का" विचारू नका. कागद मागा.

चौथी पायरी: ले-आऊटवाल्यांसाठी गुंठेवारी

नागपुरात "५७२" आणि "१९००" हे ले-आऊटच्या संख्येचे आकडे नुसते उच्चारले तरी जुन्या माणसाला कळतं की अनधिकृत ले-आऊटबद्दल बोलणं चाललं आहे. शेती विकत घेऊन, चुना टाकून पाडलेले प्लॉट. काही गृहनिर्माण संस्थांनी पाडलेले, काही नुसत्या दलालांनी. माणसानं पैसे पूर्ण दिले, रजिस्ट्री केली, पण ले-आऊट मंजूर नाही. म्हणून नकाशा मंजूर होत नाही, कर्ज मिळत नाही आणि गडरलाईन (सांडपाण्याची लाईन) वर्षानुवर्षं येत नाही.

२००१ चा महाराष्ट्र गुंठेवारी कायदा यासाठीच आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे प्लॉट त्यात घेता येतात. प्लॉट नियमित झाला की जे पत्र मिळतं त्याला आपण आरएल म्हणतो. "आरएल आहे का?" हा प्रश्न प्लॉट विकत घेणाऱ्यानं चहा पिण्याआधी विचारावा.

ले-आऊटच्या रहिवाशांनी एकेकट्यानं जाण्यापेक्षा सोबत जावं. अर्ज प्रत्येकाचा वेगळा असतो, पण रस्त्याची रुंदी, मोकळी जागा, नाल्याचं अंतर हे सगळ्यांचं एकच असतं. आणि मोकळी जागा वाचवा. ओपन स्पेसवर कोणी कुंपण टाकत असेल तर आज बोला. लेकरांना खेळायला जागा उरली नाही तर स्वस्तात मिळालेल्या घरात राहणं फार महाग पडतं.

पाचवी पायरी: बांधकामाचा पैसा

पट्टा किंवा आरएल हातात आला, आता फॉर्मचा प्रश्न. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे किमान एक लाख मिळतात. अट अशी: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत, देशात कुठंही पक्कं घर नाही, आणि मागच्या २० वर्षांत सरकारी घरकुलाचा लाभ घेतलेला नाही. घर ३० ते ४५ चौरस मीटर चटईक्षेत्राचं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना आहे, तीही शहरी भागात अडीच लाखांची. एकाच घरासाठी दोन योजना घेता येत नाहीत. कोणती घ्यायची ते झोन ऑफिसात दोन्हीची सद्यस्थिती विचारूनच ठरवा. ज्यांचं उत्पन्न नऊ लाखांपर्यंत आहे आणि जे कर्ज काढून ३५ लाखांपर्यंतचा फ्लॅट घेणार, त्यांना २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज अनुदान मिळतं. ते जास्तीत जास्त एक लाख ८० हजार आणि पाच वार्षिक हप्त्यांत.

परवानगीची भीती बऱ्याच जणांना असते. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनं ती बरीच कमी केली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या अधिकृत प्लॉटवर नियमात बसणाऱ्या घरासाठी वेगळी मंजुरी लागत नाही. नोंदणीकृत तांत्रिक व्यक्तीच्या सहीचा नकाशा सादर करायचा, शुल्क भरायचं, आणि ती पोच व पावती हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरला दहा दिवसांत मंजुरी द्यायची असते. अधिकृत हा शब्द महत्त्वाचा. म्हणूनच तिसरी आणि चौथी पायरी आधी सांगितली.

आता माझ्या हातून झालेली चूक. मंजुरीच्या यादीत नाव लागलं तशी मी एका कुटुंबाला घाई केली, "जुनं पाडा, पावसाआधी पाया घालून घ्या." त्यांनी पाडलं. शेजारच्या गल्लीत खोली भाड्यानं घेतली. पहिला हप्ता आला नाही. कार्यालयात बँक खात्याच्या जोडणीचं कारण सांगितलं, मग फोटोचं, मग साहेब रजेवर. पाऊस सुरू झाला. पायाच्या खड्ड्यात पाणी साचलं, बाजूला टाकलेल्या रेतीला वाट मिळाली आणि ती नालीत वाहून गेली. तीन महिन्यांचं भाडं त्यांच्या बचतीतून गेलं. त्यानंतर मी प्रत्येकाला सांगतो: लेखी कार्यादेश हातात पडल्याशिवाय विटेला हात लावू नका. आधार बँक खात्याला जोडलेला आहे, हे पासबुक घेऊन बँकेत स्वतः विचारा. पैसे टप्प्याटप्प्यानं, बांधकामाचे फोटो अपलोड झाल्यावर येतात, तेव्हा पहिल्या टप्प्यापुरता माल उधारीवर देणारा दुकानदार आधीच ठरवून ठेवा. शक्य असेल तर एका गल्लीतली पाच-सहा घरं एकदम सुरू करा. ट्रक पूर्ण भरून आला की गिट्टी-रेतीचा दर उतरतो, आणि मिस्त्री रोज त्याच गल्लीत असला की कामावर सगळ्यांची नजर राहते.

अडीच लाखांत घर पूर्ण होत नाही, हे लपवू नका. उरलेला पैसा कुठून येणार याचा हिशेब घरातल्या बाईसमोर बसून करा. बचत गटाचं कर्ज सावकारापेक्षा केव्हाही बरं. आणि छताबद्दल आग्रह धरा. आपला उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर द्यायला फार खर्च येत नाही, दुपारी घरात बसवण्यासारखं होतं.

सहावी पायरी: दूरची घरं आणि जवळची जागा

वांजरी आणि तरोडी खुर्द इथं आवास योजनेच्या इमारती उभ्या राहिल्या. घरं पक्की आहेत. पण अर्ज भरण्याआधी कुटुंबानं एक गणित मांडावं. धरमपेठेत चार घरी धुणीभांडी करणारी बाई, इतवारीत हमाली करणारा नवरा. दोघांचं जाण्या-येण्याचं भाडं गुणिले २६ दिवस. पहाटे पहिली बस किती वाजता, रात्री शेवटची किती वाजता. जवळची शाळा, रेशन दुकान, दवाखाना. हे सगळं घराच्या हप्त्यात मिळवा आणि मग ठरवा की घर परवडतं का. जे तिथं राहायला गेले आहेत त्यांनी एकत्र येऊन आपली बसची फेरी, अंगणवाडी आणि रेशन दुकान या तीन मागण्या आधी लावून धराव्यात.

कामाजवळच्या घरांसाठी एक नियम हाताशी आहे आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. दहा लाखांहून मोठ्या शहरांत ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर ले-आऊट किंवा गृहप्रकल्प होत असेल तर २० टक्के वाटा लहान प्लॉट किंवा लहान घरांसाठी ठेवायचा असतो. ती अल्प उत्पन्न गटांना म्हाडामार्फत जातात. तुमच्या भागात मोठी स्कीम सुरू झाली की महारेराच्या संकेतस्थळावर तिचा मंजूर नकाशा उघडा आणि ही घरं कुठं दाखवली आहेत ते शोधा. सापडली नाहीत तर नगररचना विभागाला लेखी विचारा. वाटा दुसरीकडे देण्याच्या काही सवलती नियमात आहेत, पण त्या घेतल्या असतील तर कागदावर असल्याच पाहिजेत. म्हाडाच्या नागपूर मंडळाच्या सोडतीची जाहिरात आली की ती बचत गटांच्या व्हॉट्सॲपवर टाका आणि उत्पन्नाचे दाखले आधीच काढून ठेवायला सांगा. दाखल्यासाठी धावपळ करता करता मुदत संपलेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

सातवी पायरी: पक्क्या कॉलनीतल्यांनी काय करायचं

हे मी माझ्या शेजाऱ्यांना उद्देशून लिहितो आहे, आणि मनापासून लिहितो आहे.

आमच्या भागात "टू-लेट"च्या पाट्या भरपूर आहेत. एका अपार्टमेंटमध्ये दवाखान्यात काम करणारं जोडपं वन आरके बघायला आलं. भाडं जमलं, ॲडव्हान्स जमला. मग घरमालकिणीनं आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशी फोन, "आमच्या भाचीला पाहिजे आहे." ती खोली पुढचे चार महिने रिकामी होती. मी त्याच जिन्यावरून रोज जात होतो आणि तेव्हा काही बोललो नाही, ही गोष्ट मला आजही खुपते. ज्या शहरात १९५६ साली लाखो लोकांनी दीक्षाभूमीवर माणूस म्हणून मान मिळवण्याची शपथ घेतली, तिथं भाड्याची खोली आडनावावर अडावी, हे आपण चालवून घेता कामा नये. अपार्टमेंटच्या सभेत ठराव मांडा: भाडेकरू नाकारताना जात, धर्म, खाणं किंवा एकटी बाई हे कारण चालणार नाही. ठराव एका मतानं पडला तरी हरकत नाही, विषय उघड्यावर येतो.

घरमालकाची खरी भीती वेगळी असते, खोली परत मिळेल का. तिच्यावर उपाय आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं. अकरा महिन्यांचा करार स्टॅम्पपेपरवर लिहून कपाटात ठेवणं म्हणजे स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड. आता ऑनलाईन नोंदणी होते. कॉलनीतल्या एखाद्या तरुणानं चार म्हाताऱ्या घरमालकांना ही नोंदणी करून दिली तर चार खोल्या उघडतात. मुलं पुण्या-बंगळुरूला गेली आणि वरचा मजला बंद पडला आहे, अशी घरं प्रत्येक ले-आऊटमध्ये आहेत.

आणि जवळच्या वस्तीला पट्टे मिळणार किंवा बाजूच्या रिकाम्या जागेवर लहान घरं होणार अशी बातमी आली की "इथं नको"चं निवेदन फिरतं. त्यावर सही करण्याआधी आपल्या घरी काम करणारी बाई कुठून येते, ते आठवा. शक्य असेल तर बाजूनं निवेदन द्या. नगरसेवकाकडे विरोधाच्या दोनशे सह्या जातात आणि बाजूची एकही जात नाही, तेव्हा तो तरी काय करणार?

आठवी पायरी: वेळेवर हरकत

विकास योजनेत बदल, आरक्षण बदल, जागेचा वापर बदल, या सगळ्याची नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ नुसार हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते, साधारण एक महिन्याची. गटातल्या एका माणसाकडे हेच काम द्या: रोज वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना वाचायच्या. हरकत एका पानाची असावी, खसरा क्रमांकासह, सुनावणीची मागणी करणारी. पोच घ्यायला विसरू नका. झोन ऑफिस दहा आहेत. आपलं कोणतं, वॉर्ड अधिकारी कोण, हे सगळ्यांना पाठ असलं पाहिजे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी अख्खं मंत्रिमंडळ आपल्या गावात येतं. तेव्हा निवेदन द्यायचं असेल तर आमदाराची वेळ नोव्हेंबरातच घ्या आणि सोबत खसरा, घरांची संख्या आणि अडलेल्या फाइलचा क्रमांक लिहिलेला एकच कागद न्या.

घर झाल्यावर

घर उभं राहिलं की त्याचं असेसमेंट (कर आकारणी) करून घ्या आणि दरवर्षी घरटॅक्स भरा. पुढच्या प्रत्येक योजनेत तीच पावती विचारतात. पट्टेधारक वारला तर वारसाची नोंद लगेच करा. दोन भाऊ बोलत नाहीत म्हणून नोंद राहते, मग तिसऱ्या पिढीत पाच नावं आणि कर्ज कोणालाच नाही, अशी घरं आम्ही आता सोडवत बसलो आहोत.

आणि पट्टा लॅमिनेट करू नका. प्रेमापोटी लोक पहिलं तेच करतात. लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का उमटत नाही आणि सहीही होत नाही. साधी प्लास्टिकची फाइल घ्या, तीन झेरॉक्स काढा, एक माहेरी किंवा बहिणीकडे ठेवा, आणि मूळ कागद पलंगाखालच्या पेटीत ठेवणार असाल तर पेटीखाली आधी दोन विटा लावा.